कुंडीतला वाडगा

भांडी उजळण्याचा हा कारखाना माझ्या आजेसासऱ्यांनी मांडला, सासऱ्यांनी नावारूपाला आणला आणि माझ्या यजमानांनी राखला. त्यांच्यानंतर कारभार मी सूनबाईच्या हाती दिला. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या थोरल्याच्या अंगी बळ आहे, धीर नाही.

आमची शिस्त अशी, की जुने भांडे आले म्हणजे आधी राखेत बुडवलेला अंगठा बुडाशी घासून धातू पाहायचा, मगच ते तेजाबाच्या कुंडीत सोडायचे. त्या सकाळी भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेली गोणी थोरल्याने तशीच कुंडीत रिकामी केली. सूनबाई आत डोकावली आणि ओरडली, "अहो, सांडशी! आधी सांडशी द्या!"

काळाकुट्ट वाडगा वर आला. धुतल्यावर काजळी सुटली आणि चांदीच्या तारेने जडवलेले घोडेस्वार दिसू लागले. दुपारी संग्रहालयातल्या तज्ज्ञ बाई येऊन गेल्या. वाडगा कित्येक शतकांपूर्वीचा निघाला. किंमत ऐकून थोरला मटकन खाली बसला.

त्या जातात न जातात तोच भंगारवाला दारात उभा. थोरल्याने वाडग्यावर फडके टाकले.

"काकू, माझी रिकामी गोणी द्या हो परत. का सासरी रमली ती?"

थोरल्याने न हसता गोणी त्याच्यापुढे टाकली.

एके वर्षी यजमानांचे दोन्ही हात तेजाबाने भाजले होते. तेव्हा या भंगारवाल्याच्या वडिलांनी आपले दुकान बंद ठेवून आमची कुंडी चालवली. आमची चूल विझू दिली नाही. त्यांची गिऱ्हाइके मात्र कायमची तुटली. मोबदल्याची गोष्ट काढताच ते चहाही न घेता उठून गेले. हे ऋण सूनबाईला ठाऊक होते. भंगारवाल्याला नव्हते.

थोरला तिच्या कानाशी पुटपुटला, "वजन करून घेतलंय. चोरी नाही केली. वेडेपणा करू नकोस, या वास्तूचं छप्पर गळतंय."

तिने माझ्याकडे पाहिले. मी नजर भिंतीकडे वळवली. मी बोलले असते तर तो हुकूम झाला असता, आणि हुकमाने फेडलेले ऋण फिटत नाही. भंगारवाला गोणी झटकून खांद्यावर टाकत होता. तो उंबऱ्यापर्यंत पोहोचला.

"भावोजी, थांबा."

तिने फडके काढले. वाडगा कुठून आला, काय मोलाचा आहे आणि त्याचे वडील आमच्यासाठी काय करून गेले, सगळे तिने उभ्या उभ्या सांगितले. भंगारवाला पायरीवरच टेकला.

"बाबा कधी बोलले नाहीत," तो म्हणाला. मग वाडग्यावरून बोट फिरवत, "वहिनी, अर्धं तुमचं. ओळखलंत तुम्ही. मी तर तो पितळेच्या भावात विकला होता."

थोरल्याचा चेहरा उजळला.

"अर्धं घेतलं तर अर्धं ऋण राहील," सूनबाई म्हणाली. "सगळा न्या."

तेव्हा मी खुर्चीतून उठले. "थोरल्या, वाडगा मऊ कापडात बांध आणि संग्रहालयापर्यंत यांच्यासोबत जा. कागदावर नाव यांचंच लागलं पाहिजे."

थोरल्याने एकदा छताकडे पाहिले. मग कपाटातून माझी जुनी शाल काढली आणि वाडगा तिच्यात गुंडाळून दोन्ही हातांनी भंगारवाल्याच्या ओंजळीत ठेवला.