बत्याबाईंच्या विळीचा सूड

मी एक जुनी विळी आहे, मित्रांनो, आणि तीन वर्षं मला फक्त सूड हवा होता. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा राहणार नाही.

माझं पातं रेवदंड्याच्या एका लोहाराने १९५१ साली घडवलं. पाट फणसाच्या लाकडाचा. पात्याच्या टोकाला खोबरं खवण्यासाठी नऊ दात. बत्याबाईंच्या आईने मला लेकीच्या लग्नात दिलं. १९६६ साली बत्याबाई मुंबईहून इस्राएलला आल्या, तेव्हा मी दोन चादरींत गुंडाळून त्यांच्यासोबत विमानाने आले. तेव्हापासून आम्ही अरादला राहतो. चहूबाजूंनी वाळवंट. नारळ पिशवीतून दुरून यायचा, म्हणून त्याचा एक कणही मी वाया जाऊ दिला नाही.

बत्याबाईंची मैत्रीण सॅली. दोघी कारखान्यात एका मशीनवर चोवीस वर्षं होत्या, आणि निवृत्तीनंतरही दुपारचा चहा एकत्र घ्यायच्या. पण खरी मजा थंडीत. दर हिवाळ्यात, झाडांच्या सणाला, अरादच्या आपल्या मराठी ज्यू लोकांची बस हैफाला जायची. तिथे डोंगराखाली एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताची गुहा आहे. तिथे मलिदा करायचा: गोड पोहे, ताजं खोबरं, खजूर, फळं. बत्याबाई आणि सॅली एकाच सीटवर, एकाच शालीत. थर्मासमध्ये गवती चहा घातलेला चहा, हातात सूर्यफुलाच्या बिया, आणि खिडकीबाहेर हळूहळू हिरवा होत जाणारा देश. मी पायाशी, टॉवेलात. गुहेपाशी पोचलो की बत्याबाई मला मांडून बसत आणि बारा नारळ खवत. लोक म्हणत, "बत्याबाईंच्या हाताला चव आहे." ती चव निम्मी माझी होती.

१९९८ च्या हिवाळ्यात सॅलीने घरून मलिदा करून आणला. पोहे कोरडे राहिले होते. बत्याबाईंनी घास घेतला आणि चाळीस माणसांसमोर म्हणाल्या, "सॅली, हे खायचं की कोंबड्यांना टाकायचं?" सगळे हसले. सॅलीही हसली. मी तिच्याकडे बघत होते. ते हसणं खरं नव्हतं.

महिन्याभरात अरादभर बातमी पसरली: बत्याच्या घरी सून इनबार त्या विळीवर चीज किसते.

मित्रांनो, ही बातमी किती वाईट होती ते समजून घ्या. आमच्यात दूध आणि मांस एकत्र चालत नाही. मलिद्यामागोमाग कोंबडीचं जेवण असतं. चीज लागलेल्या विळीवरचं खोबरं त्या जेवणाच्या वाऱ्यालाही नको. इनबारने ऐकलं तेव्हा ती हिब्रूत ओरडली, "मा पितोम!" म्हणजे काहीतरीच काय! तिची चीजची किसणी वेगळी, निळ्या मुठीची. पण ते कोण बघायला येतंय?

१९९९ ला बत्याबाईंनी गुहेपाशी मलिदा वाढला. लोकांनी ताटली हातात घेतली आणि खाली ठेवली. कुणी भांडलं नाही. त्या घरी आल्या, मला धुतलंसुद्धा नाही, आणि बाथरूमवरच्या माळ्यावर टाकलं. पुढच्या दोन हिवाळ्यांत बस त्यांच्याशिवाय गेली. दुपारच्या चहाला एकच कप. मला गंज चढला, दात बोथट झाले. मी अंधारात सॅलीचं नाव घोकत राहिले.

डिसेंबर २००१ मध्ये दार वाजलं. सॅलीच होती. तिच्या नवऱ्याचं, अमोसचं, हृदयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं.

"बत्या, विळी दे गं. अमोससाठी मलिद्याचा नवस बोललेय. माझ्या हाताने करायचाय."

"कुठली विळी? चीजची?"

सॅली मग म्हणाली, "या वयात कशाला काढतेस ते?"

"मी नाही काढत. तू काढ. बसमध्ये, ड्रायव्हरच्या माइकवर. मराठीत पण आणि हिब्रूत पण."

"आणि नाही बोलले तर?"

"तर नखांनी खव."

ठरल्या दिवशी बस निघाली, गंज घासून काढलेली मी पायाशी. सॅली माइक घेऊन उभी राहिली. "बत्याच्या विळीला चीज कधीच लागलं नव्हतं. मी खोटं बोलले. मला तिचा राग आला होता."

मागून मलका ओरडली, "ऐकू नाही आलं! पुन्हा सांग!" तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. सॅलीने पुन्हा सांगितलं. मग हिब्रूत. ड्रायव्हर यिगाल म्हणाला, "एवढंच? मला वाटलं कुणी तरी मेलं."

बत्याबाईंनी मान हलवली, पण शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलली नाही. त्यांचा सूड पुरा झाला होता. माझा बाकी होता.

हैफाला पाऊस होता. सॅली मला मांडून बसली. चार नारळ झाले. पाचव्याला तिच्या ओल्या हातातली करवंटी माझ्या बोथट दातांवरून सटकली. सगळे म्हणतात, अपघात. मी करवंटी धरून ठेवू शकले असते. मी धरली नाही. माझे दात तिच्या तर्जनीत रुतले.

रक्त खोबऱ्यावर पडलं. रक्त लागलेलं अन्न आम्ही खात नाही. सगळं खोबरं फेकावं लागलं. सॅली बोट धरून रडू लागली. बोटासाठी नव्हे. "अमोसचा मलिदा गेला गं, बत्या," एवढंच म्हणत होती.

मला वाटलं होतं, बत्याबाई खूश होतील. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि सॅलीचं बोट घट्ट बांधलं. मग माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला. "हिची धार गेलीय. तीन वर्षं मीच हिला सडू दिलं. तुला माझ्यामुळे लागलं."

"नाही गं, माझ्या जिभेमुळे."

"तेही आहेच," बत्याबाई म्हणाल्या. "आता नारळ फोड. उजवा हात चालतोय ना? हिला धुऊन मी खवते, पोह्यांत तू मिसळ. म्हणजे तुझ्या हातचा झाला."

बाकीच्या नारळांचा मलिदा झाला. प्रत्येकाला थोडा थोडाच आला. चाळीसही ताटल्या रिकाम्या परत आल्या.

परतीच्या बसमध्ये पिशवी खाली होती. शाल एकच होती.

पुढच्या आठवड्यात मला धार लागली, तेल लागलं. मित्रांनो, घरातल्या जुन्या अवजाराला जपा, कारण धारेची विळी सांगाल तिथे कापते आणि बोथट विळी मनाला येईल तिथे. आणि कुणावर राग असेल तर तोंडाने सांगून मोकळे व्हा. तो माझ्यावर सोपवू नका. सॅलीच्या बोटावर नऊ दातांपैकी तीन दातांचे वण आहेत. मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.