एकट्याच्या नावाचं ब्लँकेट

बोलायची मला सवय नाही. मी एक करडं ब्लँकेट; पांघरायची वस्तू, ऐकायची नव्हे. पण सध्या रिकामाच पडून आहे, तेव्हा जे झालं ते सांगतो.

माझा जन्म फाडण्यातून झाला. दूरच्या लोकांनी टाकून दिलेले जुने स्वेटर, शाली, मफलर, शाळेचे कोट असे गठ्ठ्यांनी एका कारखान्यात आले. खाली बसलेल्या बायकांनी ब्लेडनं त्यांची बटणं आणि चेनी कापून काढल्या. कुणाच्या खिशात तिकीट निघालं, कुणाच्या खिशात वाळलेलं फूल. बायका क्षणभर बघायच्या आणि टोपलीत टाकायच्या. मग यंत्रानं सगळं फाडलं, पिंजलं, पुन्हा कातलं. लाल, निळा, पिवळा, सगळे रंग एकत्र पिंजले की शेवटी करडाच होतो. म्हणून मला आधीचं काही आठवत नाही. हजार जणांच्या अंगावर राहून आलोय, पण एकाचाही चेहरा सांगता येणार नाही.

कडेला लाल दोऱ्याची शिलाई घालून वीस-वीसच्या गठ्ठ्यात आम्हाला बांधलं. तीन वर्षं एका गोदामात होतो. तिथं उंदीर होते आणि अंधार होता. मग वरच्या गावांतून माणसं हुसकावली गेली, आणि आम्हाला ट्रकात भरलं.

ट्रक थांबला तो बसगाड्या दुरुस्त करायच्या एका जुन्या शेडमध्ये. गाडीखाली उतरून काम करण्यासाठी जमिनीत खणलेल्या लांब खड्ड्यांवर फळ्या टाकल्या होत्या. जमिनीला तेलाचा वास होता. पांढऱ्या रंगानं चौकोन आखले होते आणि प्रत्येक चौकोनाला नंबर होता. मागच्या बाजूला पूर्वीच्या साहेबलोकांच्या खोल्या होत्या. तिथं पत्र्याच्या शेगड्या बसवल्या होत्या. लेकुरवाळी माणसं तिकडं. एकटीदुकटी माणसं पुढं, मोठ्या शटरजवळ. शटर खाली ओढलं तरी जमिनीपासून चार बोटं वरच राहायचं. त्या चार बोटांतून काय यायचं ते मला ठाऊक आहे.

यादी करायला एक मुलगी बसली होती. शिकायला लहानपणीच लांब गेलेली, आणि हे सगळं ऐकून स्वतःहून परत आलेली. मराठी स्वच्छ बोलायची, अगदी पुस्तकातल्यासारखी. सगळे तिला यादीवाली ताई म्हणायचे. सकाळपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. मी तिच्या टेबलावरच होतो, ढिगात सर्वांत वर. म्हणून पुढचं सगळं मी स्वतः पाहिलं.

रांगेतून एक म्हातारा पुढं आला. सत्तरीचा असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात वेगवेगळ्या जोडांचे बूट.

"नाव काय लिहू, आबा?"

त्यानं सांगितलं. वय सांगितलं. गाव सांगताना जरा थांबला.

"कुटुंब?" तिनं विचारलं. फॉर्मवर तसंच छापलेलं होतं.

"कुटुंब गेलं, पोरी," आबा म्हणाला. "वाटेतच. घाटात. ट्रकातच मान टाकली."

ताईचं पेन थांबलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं खाली बघून लिहिलं: कुटुंब मृत. पुढं अजून नऊ रकाने होते. सोबत किती, मुलं किती, कुणी आजारी आहे का. ज्याचं सगळंच गेलं त्याला हे विचारायचं कोणत्या तोंडानं? तिनं नऊही रकान्यांवरून एक सरळ रेघ ओढली. मग ती उठली, मला उचललं आणि स्वतःच्या हातांनी आबाच्या खांद्यावर टाकलं.

आबानं ढिगाकडं पाहिलं. "आणि बाकीची?"

"बाकीचं राहू द्या, आबा," ती हळू आवाजात म्हणाली. "ते नंतर बघू."

आबा मान डोलावून शटरजवळच्या चौकोनात जाऊन बसला. अर्ध्या तासानं औषधाच्या रांगेतून त्याची सून आली. तिच्या कडेवर दीड वर्षाची चिमी, हाताला सात वर्षांची ठकी.

"एकच मिळालं, मामा?"

"बाकीची नंतर देणार आहेत. बोलणं झालंय माझं."

ताईनं त्याच संध्याकाळी पुढच्या गावची शेड गाठली. तिथंही याद्या करायच्या होत्या.

असं माझं आयुष्य सुरू झालं. माझी लांबी सात फूट, रुंदी पाच फूट. माणसं चार. मध्ये चिमी, तिच्या एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला ठकी, आणि कडेला आबा. पहिल्या दिवशी आबा अर्धा माझ्यात होता. चौथ्या दिवशी नुसता एक हात. मग तोही नाही.

"मला उकडतंय," तो म्हणायचा.

"आबा, तुमच्या तोंडातनं धूर निघतोय आणि म्हणे उकडतंय," ठकी म्हणायची.

"आतली शेगडी पेटलीय म्हणून धूर निघतोय. तुझ्यात नाहीये शेगडी?"

ठकी तोंडाचा आ करून फुंकर मारून बघायची. तिच्यातूनही धूर निघायचा. ती खूश.

"लोक म्हणतात अंथरूण पाहून पाय पसरावे," आबा सुनेला म्हणाला. "इथं पांघरूण पाहून पाय मुडपायचे. बाकी फरक काही नाही."

सून हसली नाही. ती कशालाच हसायची नाही, रडायचीही नाही. चिमीला भरवायची, भांडं धुवायची, दिवसा मला शटरच्या फटीशी दाबून ठेवायची. माझी एक कड रोज फटीतल्या गारव्यानं ओली व्हायची आणि कडक व्हायची. मला काही वाटायचं नाही. वाटण्यासाठी जे लागतं ते बहुतेक बटणांबरोबरच कापून काढलं असावं.

सातव्या दिवशी चिमी खोकायला लागली. सून मला खांद्यावर घेऊन सामानाच्या खोलीकडं गेली. तिथं एक काका खुर्चीवर बसायचे, कानटोपी घालून. त्यांना सगळे कोठीवाले काका म्हणायचे.

"आणखी तीन पाहिजेत," ती म्हणाली.

काकांनी यादीत बोट फिरवलं. "या नंबरवर एकच माणूस आहे. पुरुष. एकटा."

"आणि आम्ही तिघी काय भुतं आहोत?"

"बाई, यादीत नाही ते माझ्या लेखी नाही. तुमचा नंबर कुठला?"

"हाच."

"यावर तर लिहिलंय, कुटुंब मृत."

सून त्यांच्याकडं बघत राहिली. "मी मेलेली दिसते का?"

"मी कशाला म्हणू तसं? कागद म्हणतोय. अर्ज द्या, वर पाठवतो."

तिनं अर्ज दिला. तो वर गेला. 'वर' म्हणजे कुठं ते कुणालाच माहीत नव्हतं. चार दिवसांनी आबा विचारायला गेला.

"आबा, ते आता भिजत घोंगडं," काका म्हणाले.

"घोंगडं भिजत पडलं तर पांघरायचं काय आम्ही?"

काकांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग आपली स्वतःची कानटोपी काढून चिमीसाठी दिली. तिच्या डोक्यावरून ती थेट गळ्यापर्यंत आली. काका माणूस वाईट नव्हता. कागदाच्या बाहेर पाऊल टाकायची त्याला भीती वाटायची, एवढंच.

"त्या ताईंचा फोन नंबर काढा कुठून तरी," सून आबाला म्हणाली.

"कशाला मागं लागायचं? पोरीनं स्वतःच्या हातानं पांघरलंय मला. नंतर बघू म्हणालीय. विसरायची नाही ती."

"मामा, चिमी खोकतेय."

"मग माझ्या वाटणीचं तिला घे की."

"तुमची वाटणी उरलीय कुठं?"

आबा दिवसभर पाय पोटाशी घेऊन बसायचा. डाव्या पायातला बूट आधीच फाटलेला होता; मोज्यावर त्यानं प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. आधी तो पाय चोळायचा, कण्हायचा. मग चोळणं थांबलं. "आता बरंय," म्हणाला. सुनेला तेवढंच एक बरं वाटलं.

सतराव्या दिवशी सकाळी ताई परत आली. गाल थंडीनं उललेले, ओठ फुटलेले. ती आधी शटरजवळ आली. आबा बाहेरच्या उन्हात बसला होता, मी सुनेच्या खांद्यावर, चिमी माझ्यात. ठकी बाजूला खडूनं फरशीवर काहीतरी काढत होती. ताईनं त्यांना पाहिलं. शेजारच्या चौकोनातली माणसं वाटली असावीत. ती आबासमोर उकिडवी बसली.

"आबा, तुमची फार आठवण यायची. इतकी माणसं भेटली, पण तुम्ही डोळ्यांसमोरून हलला नाहीत. एकाच वेळी अख्खं कुटुंब जायचं म्हणजे..."

आबा तिच्याकडं बघायला लागला. "अख्खं म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही म्हणाला होतात ना, कुटुंब गेलं."

"एकच होतं की, पोरी! दुसरं करायची ऐपत कुठं होती आमची?"

ताईला काही कळेना. सुनेच्या खांद्याला हिसका बसलेला मला जाणवला.

"आमचं कुटुंब म्हणजे हिची सासू," आबा सुनेकडं बोट करून म्हणाला. "माझी बायको. आमच्याकडं कुणी बायकोचं नाव घेतं का? कुटुंबच म्हणायचं. आणि ही सून. ही नात, आणि ती टोपीत बुडालीय ती धाकटी."

सून हसली. घाट उतरल्यापासून पहिल्यांदा. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग माझ्यात तोंड खुपसून. माझ्या कडेला दातांची ओल लागली. "एका शब्दापायी!" ती म्हणत होती. "अहो, एका शब्दापायी!" मग नळ बंद करावा तसं तिचं हसणं थांबलं आणि चेहरा पुन्हा होता तसा झाला.

ताई हसली नाही. तिनं फाइल उघडली. रेघ तिथंच होती, नऊ रकान्यांवरून ओढलेली.

"मी विचारायलाच नको म्हटलं," ती पुटपुटली. "तुम्हाला दुःख होईल म्हणून."

"विचारायचं की गं. विचारल्यानं कुणी मरत नाही."

तेवढ्यात तिचं लक्ष पिशवी बांधलेल्या पायाकडं गेलं.

"दुखतंय का?"

"छे. आठवडा झाला, अजिबात नाही. सुई टोचली तरी कळायचं नाही."

ताई नर्सबाईंना ओढतच घेऊन आली. नर्सबाईंनी पिशवी सोडली, मोजा कापला. बोटं काळी पडली होती.

"दुखत होतं तेव्हा यायचं, आबा," त्या म्हणाल्या. "दुखायचं थांबलं की माणसाला वाटतं, बरं झालं."

दुपारी गाडी येऊन आबाला घेऊन गेली. ताई सामानाच्या खोलीत गेली. वरून मंजुरी आली नाही, असं काका म्हणाले. "मी लिहिलं होतं, मीच खोडते," ती म्हणाली, आणि काकांसमोरच तिनं रेघ खोडून नऊ रकाने एकेक करून भरले. काकांनी कागदाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि किल्ली टेबलावर ठेवली.

सून, ठकी आणि चिमी त्याच दिवशी मागच्या खोलीत गेल्या. शेगडी मिळाली. चौघांची चार ब्लँकेटं मिळाली. चिमीचा खोकला सहा दिवसांनी थांबला.

आबा तीन आठवड्यांनी परत आला, काठी टेकत. डाव्या पायाची तीन बोटं राहिली नव्हती. चिमी शेगडीपासून दारापर्यंत चार पावलं चालून त्याच्या काठीला धरून उभी राहिली. आबानं ते पाहिलं आणि काठी तिच्याच हातात ठेवून तो भिंतीला टेकला.

ताई रोज त्याच्या दाराशी यायची आणि आत न येता परत जायची. शेवटी तोच म्हणाला, "पोरी, आत ये. दार उघडं ठेवलं की गारवा येतो."

ती आत आली. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, तर आबा म्हणाला, "ते नको. चहा घे. आणि पुढच्याला सगळं विचार. रडला तर रडू दे."

एकट्याचं सामान परत केल्याशिवाय चौघांचं कागदावर पक्कं होत नाही, असा इथला नियम. म्हणून मला परत करायला आबा स्वतः आला. काकांनी दुसऱ्या कुणाला पाठवा म्हटलं, पण त्यानं ऐकलं नाही. मला टेबलावर ठेवून त्यानं माझ्यावरून हात फिरवला.

"खरखरीत होतं," तो म्हणाला, "पण ऊब होती बरं का ह्याच्यात."

मला बोलता आलं असतं तर तेव्हा बोललो असतो. आबा, माझ्यात ऊब नाही. कधीच नव्हती. ब्लँकेटात ऊब नसते. आत जो असतो त्याचीच आम्ही धरून ठेवतो. त्या सतरा दिवसांत मी जे धरून ठेवलं ते तुमच्या सुनेचं होतं, ठकीचं होतं. आणि तुम्ही बाहेर राहून जे सोडलंत, ते धरायला मी पुरलो नाही.

आता मी धुऊन, औषधाच्या पाण्यातून काढून, मांडणीवर आहे. माझ्यावर अकरा आणि खाली सात. सगळे गार. बाहेर रांग आहे. पावलं आपटल्याचा आवाज येतो. ताई कुणाला तरी विचारतेय, सोबत कोण कोण आहे, लहान किती, आजारी कोण. तो माणूस रडतोय. ती थांबत नाहीये, पुढचं विचारतेय.

अजून दीड महिना थंडी आहे म्हणतात. तुमच्या कपाटातही माझे भाऊबंद असतील, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले. माणसं बाहेर कुडकुडत असताना आम्ही आत नीटनेटके पडून राहावं, याची तुम्हाला नसली तरी आम्हाला लाज वाटते. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगितलं. पण एवढं वाटतं.

मोजून द्या, विचारून द्या, पण द्या. माझी घडी मोडा.