फळीवरचा सव्वादोन

मित्रांनो, डोंगराचा रस्ता जिथे सुरू होतो तिथे एक गॅरेज आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर एक फळी आहे आणि फळीवर, गंजलेल्या पान्यांच्या शेजारी, एक काळपट दातेरी तुकडा पडलेला आहे. तो मी. मी एक जुना लो-गिअर आहे. आयुष्यभर भार ओढला, कधी कुरकुर केली नाही. पण एक दोष मात्र माझ्यात आहे आणि तो आधीच कबूल केलेला बरा. मला हेवा वाटतो. पोटात दुखेल इतका वाटतो, आणि तोही माझ्याच जातीच्या एका गिअरचा.

आधी माझं काम सांगतो. डोंगर चढणाऱ्या ट्रकला चारही चाकांनी जोर लावावा लागतो. तो जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा एक जाड लोखंडी डबा गाडीच्या पोटाखाली असतो. त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. माझ्या दोन जोडीदारांसह मी त्यात तेलात बुडून राहत असे. चढ आला की चालक छोटी दांडी मागे ओढतो आणि आमची पाळी येते. इंजिनाकडून सव्वादोन फेरे आले की मी चाकांकडे एकच फेरा सोडायचा. वेग कमी, ताकद जास्त. म्हणून सगळे मला सव्वादोन म्हणत.

माझा जन्म एका भट्टीत झाला. लालबुंद असताना मला ठोकलं, थंड झाल्यावर दाते कापले, पुन्हा तापवून तेलात बुडवलं. त्या चटक्याने मी जो कडक झालो तो कायमचा. मग एका ट्रकच्या पोटात मला बसवलं आणि तो ट्रक मालकांच्या दारात आला.

मालक पेट्यांत मधमाश्या पाळत. पायथ्याची फुलं संपली की पेट्या गाडीत घालून वरच्या पठारावर न्यायच्या, कारण तिथे बहर उशिरा येतो. संध्याकाळी माश्या घरी परतल्या की पेट्यांची तोंडं बंद करायची आणि पहाटे निघायचं. वाट म्हणजे नुसते धोंडे. गचका बसला की पेटीतलं पोळं तुटतं आणि माश्या आपल्याच मधात बुडून मरतात. त्यामुळे सगळा खेळ सावकाश चढण्याचा होता.

खरं सांगायचं तर मी पुरेसा सावकाश नव्हतो. वळणावर गाडी जरा जास्त धावायची, मग मालक क्लच अर्धा दाबून तिला आवरत आणि पुन्हा सोडत. सोडताना हिसका बसे तो माझ्या दात्यांवर. मला त्याचा अभिमानच वाटे. वर पोचल्यावर मालक दांडीवर हात ठेवून म्हणत, "सव्वादोन, राखलीस रे." एकदा शेजारचा टायरवाला ऐकत असताना ते म्हणाले, "मुलगा नाही म्हणून कोण रडतंय? हा बघ माझा मुलगा." टायरवाला खो खो हसला. मालकांची मुलगी तिथेच चाकाला पाचर लावत होती. ती हसली नाही. मी मात्र आठवडाभर फुगून होतो.

अशी सव्वीस वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, काम शिकली आणि ज्याच्या फळीवर आज मी आहे ते गॅरेज तिने उघडलं. गावभर तिला ताई म्हणत. मालकांचा डावा गुडघा मात्र त्याच सुमाराला कुरकुरू लागला. क्लच दाबून धरायचा तोच पाय. एका बहरात सहा पेट्यांतली पोळी तुटली. मालक रिकाम्या पेट्या धूत बसले. तेव्हा ताईने सांगून टाकलं की पुढच्या वर्षी एकतर गाडीत आणखी हळू चालणारा गिअर बसेल, नाहीतर पेट्या विकायच्या. मालक म्हणाले, पेट्या विकल्या तर मी काय दारात बसून माश्या मारू? टायरवाल्याला या विनोदाचं भारी कौतुक वाटलं. ताईला नाही वाटलं. पण पेट्या विकायचं नाव निघताच मालकांनी शेजारची पेटी जवळ ओढली, हे तिनेही पाहिलं होतं.

मग गिअर निवडण्याची चर्चा सुरू झाली. माझ्यादेखत, गाडीखाली बसून. म्हणजे घरातल्या माणसासमोर सोयरीक ठरवावी आणि त्याला विचारूही नये. दोन पर्याय होते, एक पावणेपाच आणि एक साडेसहा. टायरवाल्याचं म्हणणं, घ्यायचाच तर साडेसहा घ्या, गाडी भिंतीवर चढेल. ताई म्हणाली, "भिंतीवर कुणी पेट्या ठेवत नाही, काका. मध्ये चिखल लागतो. तिथे चाक जरा तरी पळायला हवं, नाहीतर जागच्या जागी रुतून बसू."

आणि मग तिने जे केलं ते मी आजवर कुठल्या मेकॅनिकला करताना पाहिलं नाही. तिने मालकांच्या हातात मधाने भरलेलं पोळं दिलं आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सांगितलं. मालक चालले. पोळं जराही हललं नाही. बारा मीटरला त्यांना तीस सेकंद लागले. मी तेच अंतर पंधरा सेकंदांत कापत असे. ताईने चाकाचा घेर मोजला, कागदावर गुणाकार-भागाकार केले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही चालता तसा पावणेपाच चालतो."

झालं. माझा निकाल लागला.

गाडी ठोकळ्यांवर चढली. तेल काढलं, शाफ्ट सोडले, डबा खाली उतरला आणि सव्वीस वर्षांनी मी उजेड पाहिला. ताईने बेअरिंग ओढून काढली आणि आम्हा तिघांना एका थाळीत ठेवलं. समोरच कागदातून पावणेपाच बाहेर आला. अंगाने माझ्याहून थोराड, दाते लखलखीत, अंगाला कारखान्याच्या तेलाचा वास. नव्याचे नऊ दिवस, मी मनात म्हटलं. ताई त्याला दोन्ही हातांनी उचलत होती. मला तिने एका हाताने उचललं होतं.

तिने नवी बेअरिंग, नवे सील बसवले, डबा अर्धा उघडा असतानाच हाताने गिअर फिरवून पाहिला आणि मग डबा बंद करून नट आवळले. इथेच ती चुकली. आवळल्यावर शाफ्ट केसभर सरकला. गाडी ठोकळ्यांवरच सुरू केली तेव्हा मालकांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक डब्याला आणि मूठ कानाला लावली. चेहरा आंबट केला आणि म्हणाले, घासतोय.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. डबा पुन्हा उतरला. आतल्या भिंतीवर चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा उमटला होता. पावणेपाच अंगाने मोठा, त्याला ते घर अपुरं पडत होतं. मी तिथे सव्वीस वर्षं भिंतीला न शिवता राहिलो होतो.

"जुनाच घाल," मालक म्हणाले. "त्याला ती जागा ठाऊक आहे."

ताई वाद घालत बसली नाही. तिने मला पुसलं, त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि दात्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. मालकांचं बोट सावकाश फिरलं आणि एका जागी थांबलं. तिथे माझ्या एका दात्याची कड उडाली होती. शेजारच्या दोन दात्यांना बारीक चिरा होत्या. मला त्या ठाऊक होत्या. मी लपवल्या होत्या.

"हा दाता चढावर गेला असता तर?" मालकांनी विचारलं.

"तर गाडी मागे. पेट्यांसकट, तुमच्यासकट."

मालकांनी त्या उडालेल्या कडेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "माझ्याच पायाने गेला हा. सारखं दाबायचं, सोडायचं."

"हो," ताई म्हणाली. तिने समजूत घातली नाही. "म्हणून सांगते. नवा बसला की डोंगरात क्लचवर पाय ठेवायचा नाही. चढताना नाही, उतरताना तर नाहीच. गाडी आपली आपण आवरते."

"आता तू मला गाडी शिकवणार."

"हो, शिकवणार."

मालकांनी मला फळीवर ठेवलं. ठेवताना अंगठा त्या मोडक्या दात्यावर क्षणभर टेकला. मग ते म्हणाले, "घास तो डबा."

ताईने भिंतीचा तो भाग पत्र्याच्या जाडीइतका घासला, लोखंडाचा कण न् कण धुऊन काढला आणि यावेळी नट आवळूनच गिअर फिरवून पाहिला. पावणेपाच गुपचूप फिरला. पहिल्या महिन्यात नव्या दात्यांचा लोखंडी कीस पडून गेल्यावर तिने एकदा तेलही बदललं. मी सगळं वरून बघत होतो. माझं तेल मालक स्वतः बदलत. खालचा नट काढायचा, फडक्याने पुसायचा, परत लावायचा. आत कधी कुणी डोकावलं नव्हतं.

पुढचे दोन बहर मालकांनी गाडी स्वतः वर नेली. एकही पोळं तुटलं नाही. परतल्यावर ते टायरवाल्याला सांगत की पावणेपाच म्हणजे लोणी आहे लोणी. मी फळीवर बसून ऐके. माझ्या वाट्याला सव्वीस वर्षं आली होती, पण ती जुनी. त्याच्या वाट्याला ताजी दोन आली होती. ताईने क्लचचं विचारलं की मालक उडवून लावत. म्हणत, सवय आहे ती, मरेपर्यंत जायची नाही. ताई पुन्हा कामाला लागे. मी खूश होत असे, की निदान ही एक सवय तरी माझ्या काळातली उरली आहे.

तिसऱ्या बहराच्या आधी मालक गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. गॅरेज बारा-तेरा दिवस बंद होतं. मग ते उघडलं, पण ट्रक ताडपत्रीखालीच राहिला. पायथ्याची फुलं संपत आली तेव्हा टायरवाला येऊन म्हणाला, ताई, माश्या वाट बघतायत, त्यांना कुठे माहीत आहे. ताईने ताडपत्री ओढली आणि गाडीखाली शिरली. तेल बदलायचं होतं.

डब्याच्या खालच्या नटाच्या टोकाला चुंबक असतो. दाते झिजले, हिसके बसले, की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. माझ्या वेळी त्याला मिशा फुटलेल्या असत. ताईने नट काढला, उजेडात धरला आणि चुंबकावरून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं. बाकी काही नाही. तिने नट फडक्याने पुसून पुन्हा पाहिला.

"ऐकलं होतं म्हणजे बाबांनी," ती म्हणाली. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मग ती बराच वेळ गाडीखालून बाहेर आली नाही.

माझ्या वेळच्या त्या मिशा सव्वीस वर्षं तेच सांगत होत्या. मालकांनी त्या नुसत्या पुसून टाकल्या. तिचं एकदा सांगितलेलं ऐकलं, वर तिला कळूही दिलं नाही. पावणेपाचचा हेवा मी करत राहिलो, पण खरा हेवा करायचा तर तिचा करायला हवा होता. तो मात्र मला जमला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर आपला भार आहे त्याला वर्षातून एकदा तरी उघडून बघा. तो चालतोय, कुरकुरत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. त्याचं तेल बघा, दात्यांवरून बोट फिरवा. चिरा लपवण्यात आम्ही फार पटाईत असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताई पेट्या घेऊन निघाली. चढाच्या तोंडाशी तिने छोटी दांडी मागे ओढली. मी फळीवरून कान लावून होतो. पहिलं वळण, दुसरं, मग धोंड्यांचा टप्पा. आवाज कुठेही तुटला नाही. माणसाने दोन्ही हातांत भरलेलं पोळं धरून चालावं, तसा तो वर वर गेला.