खुणेची अंडी

गट्टू हे नाव त्याला सहा महिन्यांचा असताना पडलं. तेव्हा त्याच्या मनगटांना वळ्या पडायच्या. आता चौथं सरत आलं होतं, बरगड्या लांबूनही मोजता याव्यात अशी गत होती, आणि नाव मात्र चिकटून बसलं होतं. त्याच्या जेवणाची वेळ झाली की आई ताटली घेऊन घरभर त्याच्या मागे फिरायची. दूध नको, फळ नको, भाजी तर नजरेसमोर नको. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या काट्याकडे बघून चष्मा काढला. "महिन्याभरात आकडा हलला नाही तर दाखल करून तपासण्या कराव्या लागतील," असं त्या अगदी हळू म्हणाल्या. हळू म्हणाल्या म्हणूनच ते तिच्या काळजात रुतून बसलं.

आणि त्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींची अंडी सापडली.

शेवटच्या इमारतीपलीकडे मावशींचं शेत होतं. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या सावलीत एक फळी, फळीवर सकाळी तोडलेली भाजी आणि एका टोपलीत अंडी. मागे खुराडं. गट्टू पहिल्याच दिवशी खुराड्यासमोर फतकल मारून बसला, हलेचना. मावशींनी त्याचा हात धरला आणि एका कोंबडीच्या पोटाखाली सरकवला.

"काढ. हळू हं. ही माझी थोरली सून. खाते दोघींचं आणि फुगते चौघींएवढी."

गट्टूच्या हातात कोमट अंडं आलं. घरी येऊन त्याने ते सगळंच्या सगळं खाल्लं. आई ओट्याला टेकून बघत राहिली, श्वास घ्यायचीही भीती वाटत होती तिला. तेव्हापासून दर शनिवारी सहा अंडी, त्याने स्वतः काढलेली. दुकानातलं पुढे केलं की ताटली सरकवून द्यायचा. "हे मी नाही काढलं."

पण आईचा स्वभाव बारा ठिकाणी चौकशा करण्याचा. अंडी पाण्यात सोडून बघायची, उन्हात धरून बघायची. त्यात समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी काडी टाकली.

"टोपलीतली म्हणजे आल्यागेल्यांसाठी गं. खरी ताजी असतात ती पेन्सिलीची रेघ मारलेली. आत गोणपाटाच्या पडद्याआड ठेवते ती. ओळखीच्यांसाठी."

"तुम्हाला दिली कधी?"

"आम्हाला कशाला देईल? आम्ही पडलो घासाघीस करणारे!"

आठवडाभर ती रेघ तिच्या डोक्यात वळवळत राहिली. माझ्या पोराच्या जिवाशी गाठ आहे आणि ही बाई चांगलं ते आत ठेवते?

शनिवारी दुपारी मायलेक गेले तेव्हा फळीवर कुणी नव्हतं. टोपली रिकामी. शेताच्या पार टोकाला मावशी पाण्याच्या पाइपाशी वाकलेल्या दिसत होत्या. तिने एक हाक मारली, तीही अर्ध्या आवाजात. मग खुराड्यामागचा गोणपाटाचा पडदा बाजूला केला. आत खोक्यात पेंढा, पेंढ्यात नऊ अंडी. प्रत्येकावर गोल फिरवलेली पेन्सिलीची रेघ. हात लावला तर गरम. म्हणजे नुकतीच घातलेली!

"मावशींना विचारूया ना," गट्टू म्हणाला.

"त्या कामात आहेत. घे, काढ तू. हळू."

त्याने सहा काढली. तिने पैसे फळीवर दगडाखाली ठेवले आणि चोरासारखी पावलं उचलली. घरी अंडी फ्रिजमध्ये गेली.

रविवारी सकाळी गट्टू स्टुलावर उभा राहिला. काट्याने अंडं फेटण्याचं काम त्याचं. तिने वाडग्याच्या कडेवर अंडं आपटलं आणि कवच उघडलं.

आधी रक्ताचे बारीक धागे आले. मग एक ओलसर गोळा, आणि त्याला एक मोठा काळा डोळा.

तिने झटकन वर ताटली ठेवली. "खराब निघालं रे. जाऊ दे."

गट्टू ताटलीकडे बघत राहिला. "आई, तो कोण आहे?"

"कोणी नाही."

"त्याला डोळा आहे."

नवरा गावाला गेलेला, घरी दुसरं कुणी नाही. उरलेली पाच अंडी फडक्यात गुंडाळून, पोराला कडेवर घेऊन ती शेतावर गेली. मावशींनी फडकं उघडलं, एक अंडं गालाला लावलं.

"एवढी गार? कुठे ठेवली होतीस?"

"फ्रिजमध्ये."

मावशी खाली बसल्या. "अगं, कोंबडी पिल्लं काढायला खुडूक बसली होती त्यांच्यावर. अकरा दिवस. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, तेवढ्यात तू आलीस. दुसरीने तिथे घातलं तर कळावं म्हणून रेघ असते, पोरी. रेघ नसलेलं ते खायचं."

"मला वाटलं..." काय वाटलं ते सांगायचं कसं?

"काल परत आली, उरलेल्या तिनांवर बसली, उठली, खोकं उकरलं. मग बसलीच नाही. ती तीनही गेली." मावशींनी खुराड्यामागे बघितलं. तिथे त्यांचा कुत्रा साखळीला होता, एक पाय उचलून. "आणि मी मेली, दगडाखालचे पैसे भाजीचे समजले, आणि अंडी हाच खाऊन बसला म्हणून काठीने बडवला त्याला."

"मी आईला म्हटलं होतं विचारूया," गट्टू म्हणाला.

मावशींनी त्याच्या केसांतून हात फिरवला. त्या ओरडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या फक्त उठल्या आणि पाच अंडी घेऊन फावड्याकडे गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "टोपलीत आजची आहेत. लागतील तेवढी घे."

तिने गट्टूकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

दुपारी तिने बटाटा उकडला, मीठ लोणी घालून मऊ केला. पुन्हा वजन करायला नऊ दिवस उरले होते. चमचा पुढे केला तसा तो म्हणाला, "यात कोण आहे?"

"कोणी नाही रे राजा. बटाटा आहे."

त्याने चमच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती भाजीवाल्यांकडे बघते ना, अगदी तसाच, डोळे बारीक करून.

"खरंच?"

"खरंच."

त्याने तोंड उघडलं. घास आत गेला. तिने चमचा खाली ठेवला, हात पुसले.

"गिळलास?"

त्याने मान डोलावली. डावा गाल फुगलेला होता. ती समोर बसून घास खाली उतरायची वाट बघत राहिली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला.