उसन्या कानांची शिकार

आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि गप्प बसायचं काम हर्शेलचं, हे लग्नाच्या दिवशीच ठरून गेलं होतं. त्यामुळे त्याला ऐकू येईनासं झालंय हे माझ्या लक्षात यायला अंमळ उशीरच झाला. मला वाटायचं, नेहमीसारखा दुर्लक्ष करतोय.

लक्षात आलं ते टर्की पक्ष्यांमुळे. आमच्या ओझार्कच्या डोंगरांत एप्रिल लागला की नर टर्की पहाटेपासून आरवायला लागतात आणि गावातले सगळे बाप्ये झपाटल्यासारखे रानात पळतात. या शिकारीत बंदुकीचं काम थोडं आणि बोलण्याचं जास्त. झाडाला पाठ लावून बसायचं, मादीसारखा आवाज काढायचा, नरानं उत्तर दिलं की तोंड मिटायचं. मग तो शोधत येतो. हर्शेल सीडरच्या लाकडाची डबी स्वतः बनवतो. तिचं झाकण काठावर घासलं की अशी केंक-केंक निघते की खरी मादीसुद्धा मान वळवून बघेल. हात अजून तसाच आहे त्याचा. पण पलीकडून आलेलं उत्तर त्याला कळेना. हा आपला घासतोय, घासतोय. तिकडे नर म्हणणार, एवढी उतावीळ आहे तर येईल की आपल्या पायांनी. तो जागचा हलतच नाही. असे दोन वसंत कोरडे गेले.

यंदा मार्चमध्ये क्लीटसच्या दुकानात, चारचौघांसमोर, त्यानं सांगून टाकलं, "या सीझनला नाही मिळाला तर बंदूक डेल्बर्टची. मी थांबलो." डेल्बर्ट म्हणजे माझा धाकटा भाऊ, आमच्या चर्चचा डीकन, दर रविवारी दान गोळा करत फिरणारा. त्यानं तोंडदेखलं नको-नको केलं, पण डोळे लुकलुकले मेल्याचे. हर्शेल घरी आला आणि त्यानंतर दुकानात पाऊल टाकलं नाही.

मला बंदुकीचं काय करायचंय? पण ती भिंतीवरून उतरली की हा माणूस खुर्चीत बसणार आणि पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. कानाचं यंत्र आणलं होतं, ते कपाटात पडलंय. "त्यात नुसती कागदं चुरगळल्यासारखी वाजतात," म्हणे.

बघता बघता सीझनचा शेवटचा रविवार आला. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "उद्या मी येतेय!"

"कुठे?"

"रानात!"

"तू? अगं, तू झोपेतसुद्धा बोलतेस."

"मग तुझं काय बिघडतं? तुला थोडंच ऐकू येणार आहे!"

यावर तो हसला. किती दिवसांनी हसला! मी लगेच पास्टरच्या बायकोला फोन करून सांगितलं, उद्या पियानो कुणाकडून तरी वाजवून घ्या, मी टर्की मारायला चाललेय. पलीकडून तिनं तीनदा "काय?" विचारलं. गावातल्या सगळ्यांनाच एकदम ऐकू येईनासं झालं की काय, असं वाटलं मला.

उजाडायच्या आत आम्ही वरच्या माळरानाच्या कडेला एका जुन्या ओकला पाठ टेकून बसलो. मी त्याचं जुनं, पानांच्या नक्षीचं जाकीट घातलेलं, तोंडावर जाळी. खुणा ठरल्या होत्या. त्याच्या गुडघ्यावर माझा हात. ज्या बाजूनं आवाज येईल ती बाजू दाबायची. नर असला तर मूठ, मादी असली तर बोटं. बाकी तोंडाला कुलूप. मानेवर गोचीड चढत होती तरी मी हूं केलं नाही की चूं केलं नाही. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिनं डॉक्टर बोलावला असता.

हर्शेलनं डबी घासली. मी जिवाचे कान करून बसले. थोड्या वेळानं डावीकडून, डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांमागून, केंक-केंक आली. मी बोटं दाबली.

"मादी?" त्याला वाटलं तो कुजबुजतोय. अर्ध्या डोंगराला ऐकू गेलं असेल. "मग तिच्यामागे नर असणारच. तिला भडकवू या."

त्यानं जरा चढ्या आवाजात घासली. पलीकडची त्याहून चढ्या आवाजात बोलली. हा जोरात, ती आणखी जोरात. चर्चच्या जेवणात केकच्या शेवटच्या तुकड्यावरून दोघींची जुंपावी तशी दोघांची जुंपली. ऊन खाली उतरलं, माझा एक पाय बधिर झाला, तरी हिचं तोंड मिटेना आणि नराचा पत्ता नाही. मनात आलं, एवढी भांडकुदळ बाई, कुठला नर येईल हिच्यामागे? मग म्हटलं, मीही आलेच की हर्शेलच्या वाट्याला, हीसुद्धा असेल कुणाला तरी पसंत.

आणि मग मादी शिंकली.

एक मोठी, मग दोन लहान, आणि शेवटी नाकातून एक बारीक शिटी. ही शिंक मी तो पाळण्यात होता तेव्हापासून ऐकत आलेय! डॉगवुड फुलला की शिंकणारा या डोंगरात एकच आहे. माझं डोकंच फिरलं.

"डेल्बर्ट!" मी ओरडले. "चर्चमध्ये दान गोळा करायला कोण उभं आहे रे आज?"

झाडीतून चोरासारखा आवाज आला, "ओपल? तू इथं काय करतेस?"

"मी सांगून आलेय! तुझी तर म्हणे पाठ धरली होती, म्हणून चर्चला येणार नव्हतास! कुंपण ओलांडून आमच्या रानात यायला बरी सुटली? त्या बंदुकीपायी सकाळभर माझ्या नवऱ्याला झुलवतोयस, लाज नाही वाटत? गाढवा!"

'गाढवा' शब्द तोंडातून पुरता बाहेर पडतोय तोच खालच्या घळीतून नर आरवला. असा दणदणीत, की माझ्या अंगावर काटा आला.

हर्शेलला काहीच पत्ता नाही. मी ओरडतेय एवढंच कळलं होतं त्याला. आता सगळं संपलं म्हणून तो डबी खिशात घालत होता. मी त्याच्या गुडघ्याच्या उजव्या बाजूला अशी मूठ हाणली की बिचारा कळवळला. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पालटला.

डेल्बर्टनंही ऐकलं होतं. माजावर आलेला नर कुठल्याही मोठ्या आवाजाला उत्तर देतो, वीज कडाडली तरी देतो. डेल्बर्ट गप्प बसला असता तर बंदूक त्याचीच होती. पण वेडा हळूच म्हणतो कसा, "ओपल, अजून एकदा शिव्या घाल ना. कुठे आहे ते नीट कळेल."

मला काय, सांगायचाच अवकाश. "मेल्या, ऐतखाऊ, तुझ्या बायकोला सांगते थांब!" मी सुरू केलं. घळीतून उत्तर! आता जवळून. डेल्बर्ट वाकून वाकून आमच्या मागच्या झाडाला जाऊन टेकला आणि ओठांवर बोट ठेवून बसला.

हर्शेलनं डबी एकदाच घासली, अगदी नाजूक. ती वाजतेय तोवरच नर आरवला. मी हर्शेलचं मनगट घट्ट धरलं. बास. मिळालंय उत्तर. त्याचा हात पुन्हा झाकणाकडे जायला लागला, मी सोडलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, डबी पाल्यावर ठेवली आणि बंदूक गुडघ्यावर टेकवली.

मग काहीच नाही. पान हललेलं नाही, आवाज नाही. गेला वाटतं, माझ्याच ओरडण्यानं घालवला. मी मागे वळून डेल्बर्टकडे पाहिलं, त्यानंही खांदे उडवले. रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात हर्शेलनं गुडघ्यावरचा माझा हात हळूच उचलून बाजूला ठेवला.

"घुमतोय," तो म्हणाला. या वेळी खरंच कुजबुजला.

मी कान ताणले. कुठे काय! जवळ आलेला नर आरवत नाही. पिसारा फुलवतो आणि छातीतल्या छातीत घुमतो, इतकं खोल की माझ्यासारखीला ते वारं वाटावं. हर्शेलच्या कानांतले बारीक आवाज सगळे गेले होते, पण हा जाडा तेवढा राहिला होता. त्याच्या जाळीखाली गालावरून पाणी ओघळत होतं आणि बंदुकीची नळी, मी कधीच वळवली नसती तिकडे, एका पडलेल्या खोडाकडे वळत होती.

खोडाच्या वर आधी पिसाऱ्याची कड दिसली, मग ते लाल, पांढरं, निळं डोकं. काय तोरा होता त्याचा! पावलं टाकत तो उघड्यावर आला आणि मान लांब केली. बार झाला. नर जागच्या जागी आडवा.

"मी ऐकला!" हर्शेल ओरडत सुटला. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस बंदूक उघडून, रिकामी करून, खोडावरून उडी मारून गेला. "ओपल, मी ऐकला त्याला! माझ्या कानांनी ऐकला!" डेल्बर्ट टोपी उडवत नाचत होता. मी पाल्यात बसूनच रडले, हसले, पुन्हा रडले. इतका आनंद मला मुलं झाली तेव्हा झाला असेल, आणि तेव्हा त्रास पण होता.

इथली रीत अशी की टर्की मिळाला की तो आधी क्लीटसच्या दुकानाच्या ओसरीवर न्यायचा, आणि ज्यानं मारला त्यानं पहिल्यापासून सगळं सांगायचं. मी म्हटलं, घरी जाऊ, त्याला तिथं अवघड वाटेल. हर्शेलनं पिकअप सरळ दुकानापाशी नेऊन उभी केली. चर्च चुकवणारी सगळी मंडळी कॉफी घेऊन जमलेलीच होती. कुणी पंख ताणून पाहिले, कुणी पायामागच्या टोकदार नख्या मोजल्या, कुणी छातीवरचा केसांचा झुबका ओढला. आणि हर्शेल बोलायला लागला. माझ्या ओरडण्याची नक्कल करून दाखवली, मुठीनं गुडघा कसा फोडला ते दाखवलं, वाटेत मी सांगितलेल्या शिंकेपाशी तर लोक पोट धरून बसले. एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोलला नव्हता.

शेवटी क्लीटसनं डेल्बर्टला डिवचलं, "काय रे, गेली ना बंदूक हातची?"

डेल्बर्ट म्हणाला, "बंदूक कुणाला हवीय आता? पुढच्या वर्षी मला ओपलच द्या. रानाच्या मधोमध उभी करतो आणि शिव्या घालायला लावतो."

हशा उसळला. हर्शेल एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला. "काय म्हणाला? काय म्हणाला तो?"

"काही नाही रे, असंच," क्लीटस म्हणाला आणि कॉफी ओतायला वळला.

माझं पित्त खवळलं. "असंच कसं? डेल्बर्ट, ऊठ. इकडे ये, याच्या समोर उभा राहा, आणि पहिल्यापासून सांग. मोठ्यानं!"

डेल्बर्ट मुकाट्यानं उठला. हर्शेलच्या पुढ्यात उभा राहिला आणि शब्द न् शब्द पुन्हा बोलला. हर्शेल त्याच्या ओठांकडे बघत राहिला, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटाच असा हसला की कॉफी शर्टावर सांडली. मग पुन्हा सगळे हसले.

"ही मिळायची नाही," डोळे पुसत तो म्हणाला. जरा थांबून त्यानं बंदुकीकडे पाहिलं. "आणि ती पण नाही."