मंगळवारचं पॅरिस

“एवढ्या दूर गेलो गा, अन् म्युझियमले कुलूप. तेही पॅरिसमध्ये. याले प्लॅन म्हणता तुमी?”

लकडगंजातले लाकडाचे व्यापारी ताराचंदशेठ सदर भागातल्या ट्रॅव्हल ऑफिसात वामनरावांच्या टेबलापुढे उभे राहून बोलत होते. मागच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी गोपिकाबाई मांडीवर पर्स धरून गप्प बसल्या होत्या.

वामनराव अठरा वर्षं याच टेबलावर बसून लोकांच्या सहली आखत होते. स्वतः मुंबईच्या पुढे कधी गेले नव्हते, पण पॅरिसचा नकाशा त्यांना सीताबर्डीच्या गल्ल्यांइतका पाठ होता. काय कधी उघडतं, शाकाहारी जेवण कुठे मिळतं, गुडघे दुखणाऱ्याला पायऱ्या कुठे टाळता येतात, हे सगळं ते पत्रं पाठवून विचारून घेत. शेठांचे तीन दिवसही त्यांनी चोख बसवले होते. रविवारी टॉवर, सोमवारी म्युझियम, मंगळवारी राजवाडा. म्युझियम मंगळवारी बंद असतं, ही ओळ त्यांनी मुद्दाम तांबड्या शाईने लिहिली होती.

पण शेठांच्या निघायच्या दिवशी नेमकी अमावास्या आली. वामनरावांनी साधा उपाय सांगितला. आदल्या दिवशी एक पिशवी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवा, झालं प्रस्थान, प्रवास आदल्या दिवशीच सुरू. मग अमावास्येला खुशाल विमानात बसा. आपल्याकडे लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. मालक मधुसूदन त्यावर हसला. वामनराव दोन दिवस रजेवर गेले, तेवढ्यात त्याने शेठांना खूश करायला तिकिटं एक दिवस पुढे ढकलली, वार बदलून कागद नव्याने टाइप करवला आणि देऊन टाकला. तांबडी ओळ त्यात गळली. वामनरावांची वाट पाहावी, असं काही त्याला वाटलं नाही.

आता तोच मधुसूदन केबिनच्या दारात येऊन म्हणाला, “वामनराव, शेठची माफी मागा अन् विषय संपवा.”

वामनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक कुणाची, हे दारातल्या माणसाला पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी राग गिळला आणि शेठांना विचारलं, “मंग दिवसभर काय केलं तुमी?”

“काय करणार? हॉटेलात झोपलो. कागदावर दुसरं काही लिहूनच नव्हतं ना.”

“पूर्ण दिवस?”

“मी म्हणून राहिली होती, चला, जरा पायी फिरून येऊ,” गोपिकाबाई पहिल्यांदाच बोलल्या. “हे म्हणे, कागदावर नाही.”

“तू चूप बस वं,” शेठ म्हणाले.

स्वतःचा अपमान वामनरावांनी पचवलाही असता. पण पॅरिसमधला अख्खा दिवस, आणि हा माणूस पडदे ओढून झोपला? त्या एका दिवसासाठी वामनराव पायी चालत जायला तयार होते. त्यांचा आवाज चढला.

“त्या कुलपाकडे पाठ करून नदीकडे तोंड केलं असतं ना शेठ, तं डाव्या हातानं काठाकाठानं सरळ जायचं होतं. वीस-पंचवीस मिन्टं. तिथं मोठं चर्च आहे. रंगीत काचांच्या गोल खिडक्या, घराएवढ्या. मंगळवारीही उघडं राह्यते.”

“तुमी पाह्यल्या काय?”

“नाही.”

“मंग काहून सांगून राहिले?” शेठ हसले. मधुसूदनही हसला आणि लगेच गंभीर होऊन म्हणाला, “माफी मागा, वामनराव. आत्ता.”

वामनराव उठले. टेबलाला वळसा घालून, शेठांच्या बाजूने पुढे जाऊन, ते गोपिकाबाईंसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“बाई, माफ करा. तुमचा दिवस वाया गेला.”

शेठांना वाटलं, बाईंच्या आडून आपलीच माफी मागितली. “जाऊ द्या, होते कधीकधी,” ते मोठ्या मनाने म्हणाले आणि मधुसूदनबरोबर केबिनमध्ये चहाला गेले.

गोपिकाबाई जागच्या हलल्या नाहीत. दार बंद झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “कोणता रंग राह्यते जी त्या काचांत?”

“निळा जास्त, म्हणते. ऊन आलं का रंग खाली फरशीवर पडते.”

“मंग सांगा,” त्या म्हणाल्या, आणि वामनराव खुर्ची ओढून समोर बसले.