कप्तान परत आला तेव्हा

दादाला घराबाहेर काढायचं तर सिनेमाचंच निमित्त लागेल, हे तिने ओळखलं होतं. वहिनी गेल्यापासून वर्षभर त्याच्या तोंडाला कुलूप होतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पंपांवर देखरेख करायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचं. घरात वहिनीचा विषय कुणी काढत नसे, तीही नाही. तशात त्यांच्या लाडक्या अंतराळपटाचा दुसरा भाग आला, आणि तिने दुपारच्या खेळाची दोन तिकिटं काढली.

पहिला भाग दोघांनी शाळेत असताना पाहिला होता. त्यात इंधन संपलेल्या यानातून कप्तान दूर दूर वाहत जातो, आणि तळावर त्याची बायको रेडिओला कान लावून बसते. आवाज बारीक होत जातो, मग नुसती खरखर, मग तीही नाही. संगीत नाही, भाषण नाही. त्या शेवटानेच तिला विज्ञानाची वाट दाखवली. आता ती वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती, आणि दादा तिला ‘मोजपट्टी’ म्हणे.

सिनेमा सुटला की दोघांनी चुका काढायच्या, हा त्यांचा लहानपणापासूनचा खेळ. ज्याच्या कमी निघतील त्याने हार मानायची.

दुसऱ्या भागात कप्तान जिवंत निघाला. कुठल्याशा धूमकेतूच्या पोटात तो म्हणे गोठून राहिला होता. बर्फ वितळला आणि स्वारी थेट तळाच्या दारात हजर! पुढच्याच क्षणी शत्रूची यानं आली, बायकोने त्याच्या हातात बंदूक कोंबली, आणि तिथून शेवटापर्यंत नुसता धुडगूस.

ती बाहेर आली ती धुमसतच. समोरच्या चहाच्या दुकानात खुर्ची ओढत म्हणाली, “सुरू करू? पोकळीत स्फोटांचे आवाज! आणि गोठलेला माणूस उठतो काय, तोही इस्त्रीच्या कपड्यांत!”

दादा कपाकडे बघत होता.

“अरे, बोल ना. तो तळाचा दरवाजा पाहिलास? आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाचं दार त्याहून घट्ट बसतं.”

“हं.”

“आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो परत आला हेच. मग पहिल्या भागातलं आपलं रडणं फुकटच की! गेलेलं माणूस गेलं, एवढं तरी खरं ठेवायचं—”

तिने जीभ चावली, पण बाण सुटला होता.

“थांबलीस का? बरोबरच आहे ते,” दादा म्हणाला.

“दादा, मी सिनेमाबद्दल बोलत होते रे.”

“कळलं गं.” त्याने कप थोडा बाजूला सारला. “मला एकच चूक दिसली. इतक्या वर्षांनी नवरा दारात उभा, आणि ती बाई त्याला ‘बस’ म्हणाली नाही. जेवलास का, विचारलं नाही. कुठे उलथला होतास म्हणून भांडलीसुद्धा नाही. थेट बंदूक.”

तिला आठवलं, दार उघडलं तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला होता. यालाही दरवाजातली चूक दिसली, असं समजून तिने नेमकं तेव्हाच त्याला कोपराने ढोसलं होतं आणि कानाशी कुजबुजली होती, “हवेचा दाब! हवेचा दाब बघ!”

“तू पुढे सरकलास ते...”

“काय बोलतात ते ऐकायला. वर्षभर घोकतोय मी, मोजपट्टी. ती दारात उभी राहिली तर पहिलं वाक्य काय बोलायचं? सुचत नाही. म्हटलं, एवढी मोठी मंडळी सिनेमा काढतात, त्यांना सुचलं असेल.”

पोकळी, बर्फ, दाब, सगळं तिने सोडून दिलं. इतकी वर्षं चुका मोजून ही एक तिच्या नजरेतून निसटली होती, आणि पहिल्या भागावर एवढं प्रेम असूनही निसटली होती. ती म्हणाली,

“वहिनीने तुला पहिलं वाक्य बोलूच दिलं नसतं.”

दादा हसला. हसता हसता त्याने चेहरा रस्त्याकडे वळवला.

“मग तेवढं तरी दाखवायचं होतं गं त्यांनी.”